अनुकूल बाजूची चिठ्ठी: निकाबबंदीवरच्या एका वादविवाद स्पर्धेचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवते आणि वाङ्मय मंडळाचं काम बघते. महाविद्यालयाचं आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. ज्या मुलीविषयी हे आहे, तिने मजकूर वाचला, दोन ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या, त्या केल्या आहेत.

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपली की आमच्याकडे आंतरवर्गीय वादविवाद स्पर्धा होते. दोघांचा संघ, प्रत्येकाला सहा मिनिटं, पाचव्या मिनिटाला पहिली घंटा, शेवटी दोन मिनिटं प्रतिवाद. कुठला संघ अनुकूल आणि कुठला प्रतिकूल हे चिठ्ठी टाकून ठरतं. गुणपत्रक वर्षानुवर्षं तेच चालत आलेलं: मांडणीला 40, भाषेला 20, प्रतिवादाला 20, हावभाव आणि देहबोलीला 20. विषय मुलंच सुचवतात, मंडळ त्यातले तीन निवडतं, मग मतदान. जानेवारी 2025 मध्ये सर्वाधिक मतं पडलेला ठराव असा होता: ‘धर्मनिरपेक्ष समाजात चेहरा झाकणाऱ्या धार्मिक पेहरावावर सार्वजनिक ठिकाणी बंदी असावी.’

विषय आभाळातून पडला नव्हता. 1 जानेवारीला स्वित्झर्लंडमध्ये चेहरा झाकण्यावरची बंदी अमलात आली होती. त्याआधी ऑगस्टमध्ये मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या ड्रेसकोडवर सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला होता आणि आमच्या कॅन्टीनमध्ये त्यावर आठवडाभर चर्चा चालली होती. आमच्या वर्गांत तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी घरची मुलं एकाच बाकावर बसतात. हिजाब घालणाऱ्या मुली बऱ्याच, चेहरा झाकणारा निकाब घालणाऱ्या मोजक्या. वर्गात चेहरा उघडा असावा की नाही, याबद्दल महाविद्यालयाचा लेखी नियम नव्हता. ज्या त्या प्राध्यापकाच्या मर्जीवर चाललं होतं.

ही मुलगी दुसऱ्या वर्षाला होती. आई घरी शाळेच्या गणवेशांची शिलाई करते. अकरावीपासून निकाब. माझ्या तासाला सगळ्यात आधी हात तिचा वर जायचा आणि आवाज शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ पोचायचा.

अडचण

चिठ्ठी तिनेच उचलली. उघडून मला दाखवली: ‘अनुकूल’. म्हणजे निकाब घातलेल्या मुलीने बंदीच्या बाजूने बोलायचं. ती काहीच बोलली नाही. चिठ्ठीची छोटी घडी घातली आणि आयकार्डच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात मागच्या बाजूने सरकवली. तिचा जोडीदार, पूर्व भागातल्या पद्मशाली घरचा मुलगा, तेवढा माझ्याकडे बघत राहिला.

पुढच्या दोन दिवसांत चारी बाजूंनी तक्रारी आल्या.

एक परीक्षक, निवृत्त शिक्षक आणि मनाने सरळ माणूस, फोनवर म्हणाले, ‘चेहराच दिसणार नसेल तर हावभावाचे वीस गुण मी कशावर देऊ? शून्य दिलं तर अन्याय, दहा दिले तर अंदाज.’ त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता.

तिसऱ्या वर्षाच्या काही मुस्लिम मुलांचं म्हणणं होतं की तिला हे बोलायला लावणं म्हणजे तिचा चारचौघांत अपमान आहे. दुसऱ्या एका गटाला मात्र आनंद झाला होता. ‘व्हिडिओ भारी होणार’ हे वाक्य मी जिन्यात माझ्या कानांनी ऐकलं. मला पहिल्या गटापेक्षा या दुसऱ्या गटाची जास्त धास्ती वाटली.

तिसरी तक्रार घरून. तिचे मामू टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत. दुपारच्या सुट्टीत आले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. ‘मॅडम, पोरीनं बोलावं, त्याला ना नाही. पण हे बोलायला लावू नका ओ.’

आणि चौथे प्राचार्य. ‘विषयच बदलून टाका. बाहेरचं वातावरण तुम्ही बघताय.’

याच आठवड्यात फाटकावर एक गोष्ट घडली, ती या प्रकरणाच्या मुळाशी आहे म्हणून सांगते. सोलापुरात स्कूटीवरून जाणारी बाई तोंडाला स्कार्फ बांधूनच निघते. एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या वर जातो तेव्हा उन्हासाठी आणि उरलेलं वर्ष धुळीसाठी. मीही तशीच जाते: कपाळापासून गळ्यापर्यंत स्कार्फ, वर गॉगल, हातमोजे. त्या सकाळी मी आत शिरले तेव्हा वॉचमन काकांनी माझी गाडी बघून सलाम केला. माझ्यामागून अशाच स्कार्फवाल्या तीन मुली आत गेल्या. चौथी ही होती, शेअर रिक्षातून उतरून चालत आलेली. तिला काकांनी थांबवलं. ‘ए पोरी, तोंड दाखव आधी.’ तिने आयकार्ड पुढे केलं. काका म्हणाले, कार्डावरचं तोंड तुझंच कशावरून? मी गाडी लावून मागे येईपर्यंत रांग झाली होती आणि ती बाजूला उभी होती.

काका वाईट माणूस नाहीत. त्यांना ‘अनोळखी कुणी आत सोडू नका’ एवढंच सांगितलेलं होतं. पण माझा चेहरा त्यांनी त्या दिवशी पाहिला नव्हता. स्कूटी पाहिली होती.

कोणते पर्याय होते

दुपारी चारला प्राचार्यांच्या केबिनमध्ये पाच जण बसलो. सुरुवातीलाच एक सहकारी म्हणाले, ‘कोर्टाने बंदी घातलीच आहे की, मग वाद कसला?’ पुढचा अर्धा तास हा गोंधळ निस्तरण्यात गेला. तो निस्तरणं गरजेचंही होतं, कारण मुलांच्या टिपणांतही तोच घोळ होता.

हिजाब म्हणजे केस आणि मान झाकणारा रुमाल, चेहरा उघडा. निकाब म्हणजे डोळे सोडून चेहरा झाकणारं कापड. कर्नाटकातला वाद हिजाबचा होता. वर्गातला हिजाब रोखणारा राज्य सरकारचा गणवेशाचा आदेश 5 फेब्रुवारी 2022 चा, तो उच्च न्यायालयाने 15 मार्चला उचलून धरला आणि 13 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची दोन मतं झाली. न्या. हेमंत गुप्ता सरकारच्या बाजूने, न्या. सुधांशू धुलिया मुलींच्या. मुंबईच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये मुलींची याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने 9 ऑगस्टला हिजाब, टोपी, बॅज यांच्यावरच्या मनाईला स्थगिती दिली, पण वर्गात चेहरा झाकणारा बुरखा चालणार नाही असंही म्हटलं. रस्त्यावर चेहरा झाकू नये असा देशव्यापी कायदा भारतात नाही. तेव्हा ठराव मोकळा होता, दोन्ही बाजूंना बोलायला जागा होती. विषय बदलायची सूचना इथेच मागे पडली. प्राचार्य नाखुशीने तयार झाले.

मग उरलं गुणपत्रक. तिला स्टेजवर निकाब काढायला सांगावं, असं एकाने सुचवलं. ते मला मान्य नव्हतं. वादविवाद ऐकून तपासायची गोष्ट आहे. रेडिओवरची भाषणं नुसती ऐकूनही माणसांना पटायची. तिच्यापुरते हावभावाचे गुण गाळून 80 चे 100 करायचे, हा दुसरा मार्ग. पण मग तिच्या नावापुढे तारांकित शेरा आला असता. तिसरा मार्ग म्हणजे सगळ्यांसाठीच तो रकाना काढून त्या जागी ‘आवाज, थांबे आणि श्रोत्यांवरची पकड’ घालायचा. आम्ही तिसरा निवडला.

त्याची किंमत एका मुलाने मोजली. पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी एकांकिका करणारा, डोळ्यांनी बोलणारा. तो महिनाभर त्याच वीस गुणांच्या भरवशावर तयारी करत होता. ‘मॅडम, स्पर्धा चार दिवसांवर आली आणि नियम बदलला. माझं काय चुकलं?’ त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. नियम बदलायचाच होता तर प्रवेशअर्ज वाटायच्या आधी बदलायला हवा होता. निकाब घालणाऱ्या मुली आमच्याकडे काल आल्या नव्हत्या.

चुकलेला निर्णय

बैठकीत शेवटचा मुद्दा बाजूचा निघाला. मामूंचं म्हणणं, मुलांची कुजबुज, व्हिडिओची भीती. कुणीतरी म्हणालं, तिची बाजू बदलून द्या, प्रतिकूल संघाशी अदलाबदल करा, सगळ्यांचंच समाधान होईल. दोन मिनिटांत ठरलं. माझाही हात वर होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला स्टाफरूममध्ये बोलावून हे सांगितलं. मला वाटलं होतं, तिचं ओझं उतरेल.

‘मॅडम, चिठ्ठी मीच उचलली होती की,’ ती म्हणाली. ‘बदलून पाहिजे असती तर मी मागितली असती.’

मग तिने पिशवीतून दोनशे पानी वही काढली. डाव्या पानावर निळ्या शाईने प्रतिकूल मुद्दे, उजव्या पानावर हिरव्या शाईने अनुकूल. उजवी पानं जास्त भरलेली. मधल्या एका पानाला कोपरा दुमडलेला होता. त्यावर फ्रान्सविरुद्धच्या खटल्याचं टिपण होतं: स्ट्रासबुर्गचं युरोपीय मानवाधिकार न्यायालय, 1 जुलै 2014. त्यातली अर्जदार ही पाकिस्तानात जन्मलेली फ्रेंच नागरिक. तिचं म्हणणं होतं की मला नवऱ्याने वा घरच्या कुणी जबरदस्ती केलेली नाही, मी माझ्या श्रद्धेने चेहरा झाकते. सतरापैकी पंधरा न्यायाधीशांनी तरीही फ्रान्सची बंदी ग्राह्य धरली.

त्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, ‘हिचं म्हणणं मला खोडून बघायचंय. मला पटतं तिचं, म्हणूनच. खोडता आलं तर कळेल ना, कुठं कच्चं आहे.’

‘आणि घरी?’

‘अम्मीला माहीत आहे. मामूला मी सांगते.’

पंचवीस वर्षं मी वादविवाद शिकवते. समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडता आली पाहिजे, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. ते ज्या मुलीने मनावर घेतलं, तिच्याकडूनच आम्ही ती बाजू काढून घेत होतो आणि त्याला काळजी म्हणत होतो. तिच्याबद्दल पाच माणसं तासभर बोलली होती. ती तेव्हा खालच्या मजल्यावर ग्रंथालयात होती. हाक मारली असती तर तीन मिनिटांत आली असती.

काय केलं

त्याच दुपारी मी प्राचार्यांकडे परत गेले आणि अदलाबदल रद्द करून घेतली. त्यांनी दोन अटी घातल्या: सभागृहात कुणाचाही मोबाइल नको आणि ओळख पटवण्याचा प्रश्न आधी सुटला पाहिजे.

दुसरी अट सोपी निघाली. मतदान केंद्रावर पडदानशीन मतदारांसाठी महिला कर्मचारी ओळख पटवते, ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. आम्ही तेच केलं. फाटकाजवळच्या खोलीत आमच्या मावशी बसल्या. चेहरा झाकलेल्या प्रत्येक बाईने, मग तो निकाब असो, स्कार्फ असो, मास्क असो, आत जाऊन क्षणभर चेहरा दाखवायचा आणि पुढे जायचं. हेल्मेटवाल्या मुलांनी बाहेर काकांसमोर. हा नियम प्राध्यापकांनाही लावला. पहिल्या दिवशी दोन सहकारी भगिनींना राग आला. मला तो समजला. रोजच्या फाटकावर कुणी आपल्याला थांबवतं तेव्हा कसं वाटतं, ते आम्हाला पहिल्यांदाच कळत होतं.

मामू पुन्हा आले नाहीत. भाचीने त्यांना काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

स्पर्धेचा दिवस

सभागृह भरलं होतं. शेवटच्या रांगेत तिची आई, मांडीवर धाकटा मुलगा. दोन्ही बाजूंच्या पहिल्या वक्त्यांनी सुरुवात चार हुतात्म्यांपासून केली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा. 12 जानेवारी 1931, येरवडा तुरुंगात फाशी. सोलापूरच्या मुलांना हे पाठ असतं आणि असावंच. पण त्याने ठराव इकडे वा तिकडे हलत नाही, हे परीक्षकांनी नंतर दोघांनाही सांगितलं.

तिचं भाषण वेगळ्या जागेवरून सुरू झालं. फ्रान्सच्या 2010 च्या चेहरा झाकण्यावरच्या बंदीच्या कायद्यात शिक्षेची दोन कलमं आहेत, ती म्हणाली. चेहरा झाकणाऱ्या बाईला 150 युरो दंड, हे सगळ्यांना माहीत आहे. जो माणूस दुसऱ्याला चेहरा झाकायला भाग पाडतो त्याला एक वर्ष कैद आणि 30,000 युरो दंड, हे कुणी सांगत नाही. तिने पूर्ण भार या दुसऱ्या कलमावर टाकला. घरातल्या सक्तीची तक्रार करायला मुलगी कधी पुढे येणार? सक्ती आणि श्रद्धा बाहेरून सारख्याच दिसतात. म्हणून राज्याने रस्त्यावर एक रेषा आखली तर जिला नको आहे तिला ‘कायदा आहे’ एवढं म्हणायला आधार मिळतो. केरळमधल्या एका मुस्लिम शिक्षणसंस्थेनेच 2019 मध्ये आपल्या महाविद्यालयांत चेहरा झाकायला मनाई केली, हाही दाखला तिने दिला. म्हणजे मागणी नेहमी परक्याचीच असते असं नाही.

प्रतिकूल बाजूच्या मुलीने उत्तर चांगलं दिलं. स्वित्झर्लंडमध्ये 7 मार्च 2021 च्या सार्वमतात 51.2 टक्के लोकांनी बंदी मान्य केली, पण हवामानासाठी, आरोग्यासाठी आणि स्थानिक रूढींसाठी चेहरा झाकायला सूट ठेवली. ‘सोलापुरात हाच कायदा आणला तर उन्हासाठी सूट द्यावी लागेल. स्कार्फ सुटला, हेल्मेट सुटलं, मास्क सुटला, डोक्यावरून ओढलेला घुंघट रूढी म्हणून सुटला. मग उरलं कोण?’ सभागृहात टाळ्या. तिने पुढे हमीद दलवाईंचा दाखला दिला: 1966 मध्ये सात मुस्लिम स्त्रिया तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चाने गेल्या, त्या आपल्या पायांनी गेल्या, कुणाच्या पेहरावावर बंदी घालून त्यांना बाहेर काढावं लागलं नव्हतं. आणि संविधानाच्या कलम 25 मधलं धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. बघणाऱ्याची अस्वस्थता त्या यादीत नाही.

माझ्या मते हा त्या दिवसाचा सर्वोत्तम मुद्दा होता. ‘एकत्र नांदणं’ या आधारावर युरोपच्या न्यायालयाने बंदी मान्य केली, तो आधार मला आजही भुसभुशीत वाटतो. चेहरा कुठे दिसायला हवा, हे त्या जागेच्या कामावरून ठरावं: ओळख पटवताना हवा, लहान मुलांना शिकवताना हवा, रस्त्याने चालताना का हवा? हे माझं मत आहे. परीक्षक मी नव्हते, म्हणून इथे लिहिते.

प्रतिवादाच्या वेळी प्रतिकूल संघातला दुसरा मुलगा तिच्याकडे वळला आणि म्हणाला, ‘तुम्ही बंदीच्या बाजूने आहात ना? मग तुम्ही स्वतः का झाकलाय?’

हा वैयक्तिक प्रश्न होता. घंटा माझ्या हातात होती. मी तीन-चार सेकंद थांबले. ती ज्या पद्धतीने उत्तर देईल त्याची मला उत्सुकता होती, हे कबूल करते. तेवढ्यात ती म्हणाली, ‘ठरावात माझं नाव नाही. ठरावावर बोला.’ आणि आपला पुढचा मुद्दा सुरू केला. घंटा मी त्यानंतर वाजवली. उशिरा.

परिणाम

तिच्या संघाला दुसरा क्रमांक, तिला उत्कृष्ट प्रतिवादाचं बक्षीस. एकांकिकावाला मुलगा चौथा आला.

मोबाइलबंदी असूनही संध्याकाळी चौदा सेकंदांची एक क्लिप फिरू लागली. त्यात त्या मुलाचा प्रश्न होता, तिचं उत्तर नव्हतं. प्रश्न संपताच ती गप्प उभी आहे, असं वाटावं तिथे कापलेली. रात्री साडेनऊला प्राचार्यांचा फोन आला: आपल्याकडचं पूर्ण रेकॉर्डिंग टाकून द्या. आमच्याकडे रेकॉर्डिंगच नव्हतं. आम्हीच सगळे मोबाइल बंद केले होते आणि महाविद्यालयातर्फे साधा ध्वनिमुद्रकही ठेवला नव्हता. खोट्या तुकड्याला उत्तर द्यायला खरा तुकडाही आमच्या हाताशी उरला नाही.

ती तीन दिवस आली नाही. त्या तीन दिवसांत एक गोष्ट घडली जी आमच्यापैकी कुणी सांगितली नव्हती. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाने वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं की माझा प्रश्न चुकीचा होता, तिने लगेच उत्तर दिलं होतं आणि ते उत्तर असं होतं. शब्दशः लिहिलं. क्लिप कुणी काढली हे शेवटपर्यंत कळलं नाही. चौथ्या दिवशी ती आली आणि नेहमीच्या बाकावर बसली. तासाला हात वर केला.

जिल्हा पातळीच्या फेरीला ती गेली नाही. तिची आई फोनवर म्हणाली, ‘आता परीक्षा होऊन जाऊ दे मॅडम.’ खरं कारण परीक्षाच होती की क्लिप, हे मी खोदून विचारलं नाही.

आज काय वेगळं करेन

गुणपत्रक आधी. पुढच्या वर्षीचा मसुदा मी जूनमध्येच दिला, हावभावाचे गुण 20 वरून 5 वर आणून. चेहरा न दिसणाऱ्या वक्त्याला त्या 5 गुणांत हातवारे आणि उभं राहण्याची ढब यांवर तपासावं, अशी तळटीप आहे. एका परीक्षकांना हेही पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, वक्तृत्वातून चेहरा वजा केला की उरतो तो निबंध. मसुदा अजून मंजूर व्हायचा आहे.

वैयक्तिक प्रश्न विचारल्यास लगेच घंटा आणि पाच गुण वजा, हा नियम आता लेखी आहे. तो त्या दिवशी असता तर मला विचार करायला वेळ लागला नसता. ध्वनिमुद्रण महाविद्यालय करेल आणि वक्त्यांच्या संमतीशिवाय बाहेर देणार नाही, हेही ठरलं आहे.

फाटकाजवळच्या खोलीत महिला सुरक्षारक्षक नेमायला संस्थेने होकार दिला. नेमणूक झालेली नाही. मावशी आपलं काम सांभाळून ते बघतात, त्या रजेवर असल्या की पुन्हा काकांवर येतं आणि काका पुन्हा गाड्या ओळखून सोडतात. मी स्कूटी थांबवून स्कार्फ सोडते तेव्हा ते अजूनही म्हणतात, ‘तुमचं राहू द्या ओ मॅडम.’

आणि ज्या विद्यार्थ्याबद्दल निर्णय, तो बैठकीत हजर. हे अजून कुठल्याही परिपत्रकात आलेलं नाही, मी माझ्यापुरतं पाळते. मागच्या महिन्यात दुसऱ्याच एका मुलाच्या हजेरीचा विषय निघाला तेव्हा मी त्याला केबिनबाहेर बसवून ठेवलं होतं. दहा मिनिटांनी आत बोलावलं. तो बोलायला लागल्यावर आम्ही समोर लिहून ठेवलेला निर्णय खोडावा लागला.